वाट्यातला पाचवा निवटा

माझी जी विद्यार्थिनी मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली, ती मला माणूस म्हणून ओळखतच नव्हती. तिच्या लेखी मी म्हणजे एक काळा टेपरेकॉर्डर होते. त्या टेपरेकॉर्डरला ती 'बाय' म्हणायची, आणि मी स्वतः जेव्हा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिनं मला गप्प बसायची खूण केली. तो प्रसंग पुढे येईल. आधी एक कबुली देऊन टाकते. विशेष मुलांच्या शिक्षिकेनं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे त्यात माया, संयम, सेवा हे शब्द आलेच पाहिजेत अशी सगळ्यांची समजूत असते. माझ्या लेखात हेवा येणार आहे. नोकरीतली ऐन उमेदीची काही वर्षं मी एका बाईवर जळत होते, आणि ती बाई शाळेची पायरीही चढलेली नव्हती.

ठाण्यात आमची मतिमंद मुलांची शाळा होती. हा शब्द आता वापरत नाहीत, पण तेव्हा पाटीवर तोच होता. मुलांमध्ये निम्मीअधिक डाउन सिंड्रोमची. तेही नाव तेव्हा कोणाच्या तोंडात नव्हतं. डॉक्टरसुद्धा आईच्या तोंडावर 'मंगोल मूल आहे' म्हणून मोकळे व्हायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या मुलांचे स्नायू सैल असतात, जीभ आवरत नाही, त्यामुळे बोलणं उशिरा येतं. पुष्कळांना ऐकू कमी येतं आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही. पण नक्कल उत्तम करतात, गाण्यावर जीव असतो, आणि एकदा पक्कं झालेलं सहसा विसरत नाहीत. पक्कं व्हायला मात्र एकच गोष्ट दोनशे वेळा करावी लागते. आमचा सगळा धंदा या दोनशे वेळांचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक टूम काढली. शाळेला बस नव्हती. कल्याणच्या पलीकडची, घोडबंदर रोडच्या खेड्यांतली मुलं नाव घालायला यायची आणि दुसऱ्या आठवड्यात गळायची. मग मुलं येत नसतील तर शाळा पाठवायची. शाळेला कोणीतरी देणगीत दिलेले आठ टेपरेकॉर्डर होते. एकेका घरी एकेक द्यायचा. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंधरा दिवसांचा धडा मी भरायचा, तो घरी रोज लावायचा, आणि दुसऱ्या बाजूला घरच्यांनी मुलाचा आवाज भरून कॅसेट परत पाठवायची. मी ती ऐकायची, मुलाच्या नावाच्या वहीत प्रगती लिहायची आणि त्याच कॅसेटवर पुढचा धडा भरायचा. कॅसेटी मोजक्याच, त्यामुळे जुनं पुसूनच नवं यायचं. त्याला आम्ही टेपशाळा म्हणायचो.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या आवाजामुळे. माझा आवाज चांगला होता. हे मी सांगू नये, पण डोंबिवलीच्या आमच्या गल्लीतल्या गणपतीत दरवर्षी आरतीनंतर माझं एक गाणं ठरलेलं असायचं. हात धुण्याच्या नऊ पायऱ्यांचं मी एक गाणं रचलं होतं. नळ सोडा, हात भिजवा, साबण घ्या, असं करत करत शेवटी हात पुसून फडकं जागेवर. प्रत्येक पायरीनंतर मी थांबायची आणि मग म्हणायची, "शाब्बास, राणी." मुलगा असेल तर "शाब्बास, राजा." ही शाब्बासकी मी अशा लाडिक सुरात द्यायची की घरी ह्यांना ऐकवली तेव्हा हे म्हणाले, "कधी आमच्याही वाट्याला येऊ दे."

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार होती. डोंबिवलीचे एक बँकेतले वडील कॅसेटवर मुलाचा आवाज भरण्याआधी स्वतःच्या आवाजात 'विषय' आणि 'संदर्भ' सांगायचे. कल्याणच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरची कॅसेट लावली की पोरगं कमी आणि हमालांच्या आरोळ्याच जास्त. त्या मुलाला पहिला शब्द आला तो 'बाजू'. मी शिकवत होते 'बाबा', आणि त्याच्या आईनं मोठ्या मनानं तो 'बाबा'च आहे असं धरलं.

वनिताची कॅसेट वासावरून ओळखू यायची. घोडबंदर रोडच्या खाडीकाठच्या एका गावातलं हे कोळ्याचं घर. आई पहाटे टेम्पोनं ठाण्याच्या बाजारात मासळी घेऊन यायची आणि जाताना टोपलीतून कॅसेट काढून आमच्या शिपायाच्या हातात ठेवायची. आमच्याकडे मासे खात नाहीत. मी ती कॅसेट आधी पदरानं पुसून घ्यायची, मग खिडकीत वाऱ्यावर ठेवायची आणि मगच टेपमध्ये घालायची. वनिता अकरा वर्षांची, आणि 'आ' खेरीज एक अक्षर तोंडातून निघत नव्हतं. घरी तिला सांभाळायला वडिलांची विधवा बहीण होती. तिला सगळं गाव हिराआते म्हणायचं.

पहिल्या तीन कॅसेटींच्या मागच्या बाजूला कावळे, होडीचं इंजिन आणि मधूनमधून एका जाड्याभरड्या बाईचं खोकणं. चौथ्या कॅसेटला अचानक, अगदी टेपला तोंड लावल्यासारखं, "दे." पुन्हा, "दे." मी शिकवलेला पहिला शब्द. मी तो टेप उचलून सगळ्या वर्गांतून फिरवला. स्वयंपाकाच्या मावशींनासुद्धा ऐकवला.

त्याच सुमारास वनिताच्या आईबरोबर एक निरोप आला आणि गवती चहाची जुडी. "आतेनी दिलंय. बाईंचा घसा बसलाय म्हनली, काढा घ्या." माझा घसा ठणठणीत होता. मग लक्षात आलं की टेपचे सेल उतरले होते. सेल उतरले की आवाज जाड आणि संथ होतो. त्या बिचाऱ्यांना आठवडाभर मी आजारी वाटत होते. मला हसू आलं, आणि भरूनही आलं. हिराआतेबद्दल मला फक्त चांगलं वाटलं अशी ती शेवटची वेळ.

कारण त्याच्या पुढच्या कॅसेटवर काय होतं ते ऐका. मी धडा दिला होता 'घे'चा. बाजू उलटून लावली तर 'घे' कुठेच नाही. ओली वस्तू फळीवर ठेवल्याचा चप् असा आवाज, आणि आतेचा आवाज, "येक." चप्, "दोन." चप्, "तीन." चप्, "च्यार." मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं टेप बंद पडला. मग एक चप्, आणि वनिताचा आवाज, "पाच."

मी पुन्हा लावून ऐकलं. असे सात वेळा 'पाच' होते. सातही वेळा बरोबर जागी.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळायचं नाही. माझ्या आखणीप्रमाणे वनिता आकड्यांपर्यंत पोचायला दीड वर्ष होतं. आधी देघेव, मग जोड्या लावणं, मग कमी-जास्त, मग एक. हे सगळं मी मुंबईला वर्षभर जाऊन, परीक्षा देऊन शिकले होते. आणि ही बाई खाडीकाठी बसून पाचावर पोचली होती. कशी, ते मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त एवढं कळलं की त्या "पाच"मध्ये मी कुठेच नाही.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जे झालं त्याला दुसरं नाव नाही, मला हेवा वाटला. आणि त्या हेव्यात मी तीन गोष्टी केल्या. एक, वहीत लिहिलं, 'दे – स्पष्ट. घे – प्रयत्न चालू.' पाचाबद्दल अक्षरही नाही. दोन, त्या दिवशीच त्या कॅसेटवर पुढचा धडा भरून टाकला. एरवी अशी कॅसेट आली की मी मोठ्या बाईंना ऐकवल्याशिवाय पुसत नसे. आणि तीन, धड्याच्या शेवटी माझ्या त्या गोड आवाजात सूचना भरली, "वनिताच्या घरच्यांसाठी. आम्ही सांगू तेवढंच शिकवावं. दोन आवाजांत शिकवलं की मूल गोंधळतं. टेप चालू असताना वनिताला एकटीला बसवावं. आतेबाईंनी लांब बसावं."

दोन आवाजांनी मूल गोंधळतं हे पुस्तकात आहे, मी खोटं बोलले नाही. पण ते पुस्तकातलं वाक्य मला त्याच दिवशी का आठवलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढची कॅसेट आली. कावळे, इंजिन. त्याच्या पुढची आली. कावळे. 'दे'सुद्धा गेलं. आतेचं खोकणंही नाही. मी प्रत्येक वेळी स्वतःशी म्हणायची, बसेल, अजून दोनशे वेळा झालं नाही. असे चार महिने गेले.

वर्षअखेर मोठ्या बाई वह्या घेऊन बसल्या. वनिताची वही त्यांनी मागून पुढे आणि पुढून मागे चाळली.

"एक शब्द आला होता, तोही गेला," त्या म्हणाल्या. "आपण हिचा टेप काढून घेऊ. खडवलीची ती मुलगी नाव घालून सहा महिने बसली आहे."

"एवढ्यात नको," मी म्हणाले.

"का? वहीत काही आहे का दाखवण्यासारखं?"

वहीत काही नव्हतं. जे होतं ते मी पुसलं होतं. टेप गेला की वनिताची शाळा संपली, कारण तिला घेणारी दुसरी शाळा खाडीपासून बोरिवलीपर्यंत नव्हती. मी म्हणाले, "मी एकदा घरी जाऊन बघून येते, मग ठरवा." टेपशाळेच्या मुलाच्या घरी मी तोवर कधी गेले नव्हते. टेप पाठवला की आपण गेल्यासारखंच आहे असं मी मानत होते.

घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर नव्हते. खडीच्या ट्रकांमागून बस जायची, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडीचं खाजण. स्टॉपवर उतरून पाऊण तास चालत गेले. घरासमोरच्या अंगणाच्या पार कडेला, घराकडे पाठ करून एक बाई बसली होती. डोक्यावर ऊन, समोर मासळीची पाटी.

"कोन तू?" तिनं विचारलं.

"मी शाळेतली. टेपमधली बाई."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आवाजावरनं मोठी वाटली व्हतीस. बारकीच हायस की."

ही हिराआते. पहिल्या वाक्यापासून तिनं मला 'तू' म्हटलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. मी तिला 'तुम्ही' म्हणत राहिले. आम्हा दोघींमध्ये मोठी कोण, हे त्यातच ठरून गेलं.

आत गेले. खोलीत पत्र्याच्या पेटीवर टेपरेकॉर्डर, त्याच्या कपाळावर दसऱ्याचं हळदकुंकू, मुठीला सुकलेलं झेंडूचं फूल. माझ्याच आवाजात हात धुण्याचं गाणं चाललं होतं. समोर मांडी घालून वनिता. गोल चेहरा, बारीक डोळे, दोन घट्ट वेण्या. ती गाणं ऐकत नव्हती, गाण्याकडे बघत होती.

"वनिता," मी म्हटलं, "मी बाई."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग टेपवर हात थोपटून, मला समजावत असल्यासारखं म्हणाली, "बाय."

बाई बोलतायत, तू गप्प बस. मी टेप बंद केला तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. मी तेच गाणं तोंडानं म्हणायला लागले, तेव्हा ती टेपच्या मागे वाकून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागली. सात महिने मी या मुलीशी रोज अर्धा तास बोलत होते, आणि माझ्यापेक्षा त्या खोक्याला जास्त मान होता. एका दिवसात माणसाचा आणि यंत्राचा, दोघांचाही हेवा करायची वेळ फारशी कोणावर येत नसेल.

बाहेर आले. आते तशीच घराकडे पाठ करून बसलेली.

"उन्हात का बसलाय?" मी विचारलं.

"तूच सांगितलास ना, आतेनी लांब बसावा. आत तुजी शाला चालू हाय."

"रोज?"

"रोजच. मासलीचे वाटे पन मी ती जवल नसली का मंगच लावतंय. बघितला का येते ना मोजाला." तिनं पाटीतलं काहीतरी उगाच सारखं केलं. मग खाली बघूनच म्हणाली, "माजा काय चुकला गो बाई? मी सिकवला ता खोटा व्हता का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "नाही, तो टप्पा होता. आता पुढचा टप्पा. आता तुम्ही जवळ बसायचं." असं काही नव्हतं. टप्पाबिप्पा मी तिथल्या तिथे रचला होता.

तिनं विचारलंही नाही की असले कसले टप्पे. फक्त हाक मारली, "वने, ये गो."

निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. आते ते ओहोटीला हातानं धरायची आणि संध्याकाळी रस्त्यावर नेऊन विकायची. विकताना वजन नाही, वाटा. पाच निवट्यांचा एक वाटा. तिनं फळी पुढे घेतली. चप्, "येक." चार निवटे ठेवून हात मांडीवर घेतला आणि खाडीकडे बघत बसली. वनिताकडे बघितलंसुद्धा नाही. मी असते तर दहा वेळा म्हटलं असतं, 'हं, वनिता, आता कोण? आता किती?' वनिता फळीकडे बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं पाटीत हात घातला, एक निवटा घेतला, बाकीच्यांच्या शेजारी ठेवला, शेपटी सरळ केली.

"पाच," वनिता म्हणाली.

आमच्या शास्त्रात या पद्धतीला उलटी साखळी म्हणतात. मुलाला पायऱ्या पहिलीपासून शिकवायच्या नाहीत. सगळ्या आपण करायच्या आणि शेवटची तेवढी त्याला ठेवायची, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद त्याचा. ती जमली की शेवटच्या दोन त्याच्या, मग तीन. मी यावर परीक्षेत पानं भरून लिहिलं होतं. आणि टेपवर मात्र, एकेक शब्द आणि एकेक पायरी पहिलीपासून गात होते.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"यात काय सिकवायचा? पयला लाव म्हनला त पोर कंटालते. शेवटचा तिनी लावला का वाटा तिचा."

वनितानं तो वाटा उचलून पाटीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. आते लगेच पुढचे चार मांडायला लागली. कौतुक नाही, शाब्बासकी नाही. मला तेवढ्यात सुद्धा बरं वाटलं की हिला शाब्बास म्हणता येत नाही. इतकी मी जळत होते.

परत येऊन मोठ्या बाईंना सांगितलं की वनिता पाचापर्यंत मोजते. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "आत्ताच," मी म्हणाले. टेप राहिला. खडवलीच्या मुलीला मी माझ्या घरचा टेपरेकॉर्डर नेऊन दिला. मोठ्या बाईंनी सभेत माझ्या दानतीचं कौतुक केलं. तो खरं तर दंड होता, पण ते मला एकटीला माहीत.

त्यानंतर मी एक करायला लागले. महिन्यातून एकदा घोडबंदरची बस धरायची, आतेसमोर टेप धरायचा आणि कॅसेटची पहिली बाजू तिच्याकडून भरून आणायची. वाटे लावणं, जवळा निवडून वाळत घालणं, हंड्यात पाणी भरणं. ती जे करायची ते करायची आणि शेवटचं सोडून गप्प राहायची. शाब्बासकी तेवढी मी मागाहून भरायची. वनिताची 'बाय' मात्र अजूनही तो टेपच होता. एका महिन्यात घाई झाली म्हणून तीच कॅसेट उतरवून मी बाकीच्या आठही घरी पाठवली. तीच माझी दुसरी चूक म्हणायची.

कल्याणहून निरोप आला की आमचा पोरगा त्या बाईंच्या टेपवर टाळ्या वाजवतो, तीच पाठवा. त्याच्या आईनं निवट्यांऐवजी वालाच्या शेंगा घेतल्या होत्या. खडवलीची मुलगी आतेच्या खोकण्याचीसुद्धा नक्कल करायला लागली. आणि डोंबिवलीच्या बँकेतल्या वडिलांनी रीतसर पत्र धाडलं, 'सदर कोळी भगिनींच्या ध्वनिफितीचा पाल्यास लाभ होत असून, यापुढे त्याच ध्वनिफिती पाठवाव्यात ही विनंती. आपल्या गायनाबद्दल आदर आहेच.'

हे 'आदर आहेच' मी आजवर विसरलेले नाही.

काही वर्षांनी बाहेरून काही तज्ज्ञ मंडळी आमचं काम बघायला आली. त्यांनी आतेची कॅसेट ऐकली, माना डोलावल्या, आणि विचारलं की घरातल्या कामातून, घरच्याच बोलीत शिकवायची ही कल्पना कोणाची. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. खोलीत चहा फिरत होता, एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता. मी कप उचलला.

नव्वद साल उलटलं तशी टेपशाळा आटोपत गेली. कल्याणला नवी शाळा निघाली, पुढे आम्हालाही बस मिळाली. वनिता तोवर मोठी झाली होती, तिचं नाव पटावरून गेलं. माझं घोडबंदरला जाणंही थांबलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आता आवाजाची तुलना होणार नव्हती.

मग एक दिवस, निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना, मी ठाण्याच्या मासळी बाजारात गेले. बाजारासमोरून मी रोज नाक दाबून जायची, आत कधी गेले नव्हते. त्या दिवशी का वळले ते सांगता येणार नाही. त्या महिन्यात टेपशाळेची कपाटं आवरताना वनिताची वही हाताला लागली होती, आणि त्यातली 'घे – प्रयत्न चालू' ही ओळ डोक्यातून जात नव्हती.

वनिताच्या आईच्या जागेवर हिराआते बसली होती. पार म्हातारी झालेली, डोळ्यांना जाड चष्मा. शेजारी विशीची वनिता, नाकात मोरणी, कमरेला खोचलेलं लुगडं, समोर फळी. आईचे गुडघे गेले होते, म्हणून या दोघी येत होत्या. वनिता गिऱ्हाइकांशी बोलत नव्हती. वाटे लावत होती. एकापुढे एक, शेपट्या एका रेषेत, आणि आता पाचही तिचे.

"आते, ओळखलंत का?"

तिनं मान वर केली नाही. "आवाज ओलखला," ती म्हणाली. "बस."

मी पाटावर बसले. मनात घोळवून आणलेलं सगळं विसरले आणि एवढंच निघालं, "तेव्हा तुम्हाला मी लांब बसवलं होतं ना, त्यात टप्पाबिप्पा काही नव्हता. तुमच्याकडून ती शिकली याचा मला हेवा वाटला होता. म्हणून बसवलं."

"म्हाइत हाय मना."

"माहीत होतं? मग चार महिने उन्हात बसलात कशाला?"

"तू रागावली न टेप नेलास त? पोरीला तुजा आवाज आवडाचा. माजा हा असा, कावल्यासारखा. तिला गाना मी कुठना देनार व्हते?" तिनं चष्मा वर सरकवला. "न खरा सांगू का, मना पन त्या डब्याचा राग यायचा. पोर माजी, न बाय बोलायची त्याला. दोनदा त मी सेलच काढून ठेवलेले. मंग रात नाय गेली, परत घातले."

मग ती हसायला लागली आणि मलाही हसू आवरेना. समोरच्या कोळणी बघायला लागल्या.

या सगळ्यात वनितानं माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. पण मी हसले तेव्हा तिचा हात थांबला. ती इकडेतिकडे, पाटीमागे, आतेच्या पिशवीत बघायला लागली. काय शोधत होती ते मला कळलं. मी पुढे झुकून हळूच म्हटलं, "वनिता, मी बाई."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. मग फळीवरची जागा हातानं पुसली आणि नवा वाटा मांडायला घेतला. येक. दोन. तीन. च्यार. आणि थांबली. पाटीतला एक निवटा घेऊन तिनं माझ्या हातावर ठेवला, आणि अगदी आतेसारखी, माझ्याकडे न बघता दुसरीकडे बघत बसली.

तो गार आणि बुळबुळीत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मासा हातात धरला होता. मी तो चौघांच्या शेजारी ठेवला. शेपटी सरळ केली.

"पाच," मी म्हणाले.

"शाब्बास, राणी," वनिता म्हणाली.

सूर माझा होता. 'राणी'वर मी जी लाडिक उतरण घ्यायची, तीसुद्धा होती. आतेनं जन्मात कोणाला शाब्बास म्हटलं नव्हतं, तेव्हा हे तिच्याकडून आलेलं असणं शक्यच नाही. मी वर बघितलं तर हिराआते वनिताकडे नाही, माझ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. तशी मी कित्येक वर्षं तिच्याकडे बघत आले होते.

घरी पोचले तेव्हा ह्यांनी दारातच नाक मुरडलं आणि म्हणाले, हात धुऊन घे. शेकडो मुलांना हात धुण्याच्या नऊ पायऱ्या शिकवलेली मी बाई, त्या संध्याकाळी पहिल्या पायरीलाही गेले नाही.